अंडरशेरीफची खुर्ची

मुंबईच्या नागरिकाला शेरीफ ह्या पदाचे नाव नवे नाही. १७२६ च्या राजसनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयरची न्यायालये स्थापन झाली तेव्हा त्यांच्या हुकमांची बजावणी करण्यासाठी शेरीफ नेमण्याची तरतूद त्याच सनदेत झाली, आणि पुढे न्यायालयांची रूपे पालटली, कंपनी गेली, इंग्रजांचे राज्यही गेले, तरी उच्च न्यायालयाच्या आश्रयाने हे पद टिकून राहिले. मात्र त्याचा अंमल उत्तरोत्तर ओसरत जाऊन अखेर एखाद्या मान्यवर नागरिकाला वर्षभरासाठी द्यावयाचा तो केवळ एक मान झाला. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर ह्यांनी तो भूषविला. समन्स पोहोचविणे, जप्तीचे हुकूम बजावणे ही कामे कचेरीतला नोकरवर्ग करीत राहिला. परंतु मुंबईच्या नगरपालाच्या ताब्यात हजारो कैदी असावेत, त्याच्या हाताखाली शस्त्रधारी शिपायांची फौज असावी आणि त्याने दर चार वर्षांनी मतदारांपुढे कौल मागण्यासाठी उभे राहावे, अशी कल्पना आपल्याकडे कोणाच्याही मनात येणार नाही.

अमेरिकेत हे सारे घडले आहे. इंग्लंडमधून गेलेले हे पद तिथल्या काउंट्यांमध्ये, म्हणजे ढोबळ मानाने आपल्या जिल्ह्यांमध्ये, रुजले, आणि ज्या देशात जुन्या राजसत्तेच्या प्रत्येक अधिकाऱ्याला लोकांच्या मताच्या कसोटीवर घासून पाहण्याची प्रथा पडली त्या देशात शेरीफही लोकनियुक्त झाला. कॅलिफोर्निया राज्यात ५८ काउंट्या आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकीचा शेरीफ मतदानाने निवडला जातो. शहराच्या पोलीसप्रमुखाला महापौर किंवा नगरमंडळ नेमते आणि तेच त्याला काढूही शकते. शेरीफ मात्र आपल्या खात्यापुरता स्वयंभू असतो. काउंटीचे पर्यवेक्षक मंडळ त्याचा खर्च मंजूर करते, पण त्याने कोणाला कोणत्या ठाण्यावर धाडावे, कोणाला बढती द्यावी, तुरुंगात कोणता शिरस्ता चालवावा, हे सांगण्याचा अधिकार त्या मंडळाला नाही.

आपल्याकडे पोलीस, तुरुंग आणि न्यायालयाचे नाझर-बेलीफ ही तीन निरनिराळी खाती आहेत व त्यांचे वरिष्ठही निरनिराळे. अमेरिकन शेरीफच्या कचेरीत ही तिन्ही दप्तरे एकाच छपराखाली येतात. शहरांच्या हद्दीबाहेरच्या मुलखात गस्त घालणारा तोच, खटला चालू असता न्यायाधीशासमोर बंदोबस्त ठेवणारा तोच, शिक्षा झालेल्यांना आणि शिक्षेची वाट पाहणाऱ्यांना कोठडीत राखणारा तोच, आणि कर्ज बुडविणाऱ्याच्या गहाण मिळकतीचा लिलाव पुकारणाराही तोच. हे ध्यानात घेतल्याशिवाय तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याची कारकीर्द कशी घडते हे कळावयाचे नाही. कारण गस्तीवर नाव काढलेला माणूस तुरुंगाच्या कारभारात आंधळा असू शकतो, आणि तुरुंगात मुरलेला अंमलदार रस्त्यावरच्या माणसाची भाषा विसरलेला असू शकतो.

लॉस एंजलिस काउंटीचे शेरीफखाते हे ह्या जातीचे अमेरिकेतले सर्वांत मोठे खाते. तिथे नव्याने दाखल झालेला डेप्युटी अकादमीतून बाहेर पडला की परंपरेने प्रथम तुरुंगात तैनात होतो आणि काही काळ कैद्यांवर पहारा केल्यानंतरच त्याला गस्तीचे ठाणे मिळते. पुढे परीक्षा व सेवाज्येष्ठता ह्यांच्या आधाराने तो सार्जंट होतो, लेफ्टनंट होतो. कॅप्टन होऊन एखाद्या ठाण्याचा मुखत्यार होतो. मग कमांडर, चीफ, असिस्टंट शेरीफ अशा पायऱ्या लागतात, आणि ह्या शिडीच्या अगदी वरच्या टोकाला, शेरीफच्या खालोखाल, अंडरशेरीफची एकच एक खुर्ची असते. खालच्या पायऱ्या नियमांनी बांधलेल्या आहेत. सर्वांत वरची पायरी मतदारांच्या हाती आहे. मधली ही खुर्ची मात्र ना परीक्षेने मिळते ना मताने; ती एका माणसाच्या विश्वासाने मिळते. माझी अशी धारणा झाली आहे की अशा खात्याचा स्वभाव शेरीफच्या खुर्चीत नव्हे तर ह्या दुसऱ्या खुर्चीत घडतो, आणि यूजीन बिस्कलूझ ह्यांच्या एक्कावन्न वर्षांच्या नोकरीइतके त्याचे दुसरे ठळक उदाहरण मला माहीत नाही.

बिस्कलूझ ह्यांचा जन्म १८८३ साली लॉस एंजलिसच्या बॉइल हाइट्स भागात झाला. वडील बास्क वंशाचे वकील; आईकडून नाते स्पॅनिश काळापासून तिथे राहत आलेल्या लोपेझ घराण्याशी. मेक्सिकोचा अंमल जाऊन अमेरिकेचा आला तेव्हा जी जुनी जमीनदार घराणी हळूहळू विस्मृतीत गेली, त्यांतल्या एकाचा हा वारस घरात स्पॅनिश ऐकत वाढला आणि नव्या राज्यकर्त्यांच्या कायद्याचे शिक्षण घेऊन मोठा झाला. आईचे वडील विल्यम वॉरन हे शहराचे मार्शल होते, आणि त्यांच्या मृत्यूची हकीकत त्या काळच्या अंमलदारीवर मोठाच प्रकाश टाकते. १८७० साली एका पळून गेलेल्या स्त्रीला पकडल्याच्या बक्षिसाची रक्कम कोणी घ्यावयाची ह्यावरून वॉरन आणि त्यांच्याच हाताखालचा एक अंमलदार ह्यांच्यात भर रस्त्यात वाद झाला, दोघांनी पिस्तुले काढली, आणि मार्शल आपल्याच शिपायाच्या गोळीने मरण पावले.

हा प्रकार आज रानटी वाटतो, पण त्याचे मूळ माणसांच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा वेतनाच्या पद्धतीत शोधणे अधिक योग्य होईल. त्या दशकांत मार्शल काय आणि शेरीफ काय, अंमलदाराचे उत्पन्न मुख्यतः बजावणीच्या फीवर, बक्षिसांवर आणि कर वसुलीतल्या हिश्शावर अवलंबून असे, कारण आरंभीच्या कॅलिफोर्नियात कराची वसुलीही शेरीफच करी. म्हणजे पद किफायतशीर होते आणि तितकेच जीवघेणेही होते. १८५० साली काउंटी अस्तित्वात आली. त्यानंतर सातच वर्षांनी शेरीफ जेम्स बार्टन हे हुआन फ्लोरेस ह्या दरोडेखोराच्या टोळीचा पाठलाग करीत सान हुआन कापिस्त्रानोच्या वाटेवर असता दबा धरून बसलेल्या टोळीने त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या तिघांना ठार केले. घोड्यावर बसून स्वतः पाठलागास निघणारा, आपले सहाय्यक आपणच निवडणारा आणि निवडणूक हरला की सहाय्यकांसह घरी जाणारा असा तो शेरीफ होता. त्यात नोकरीची शाश्वती नव्हती, म्हणून कारकीर्द नावाची गोष्टच संभवत नव्हती.

१९०७ साली बिस्कलूझ खात्यात आले ते घोड्यावरून नव्हे, तर गहाण मिळकतींच्या विक्रीचे कागद सांभाळणारे कारकून म्हणून. शेरीफ विल्यम हॅमेल ह्यांचा तो काळ. तीन वर्षांनी झालेल्या शिरगणतीत काउंटीची लोकसंख्या ५,०४,१३१ भरली. दहा वर्षांपूर्वी ती १,७०,२९८ होती. तेल सापडले होते, रेल्वे आली होती, शेकडो मैलांवरून पाणी आणण्याचे काम सुरू झाले होते, आणि जिथे जमिनीचे भाव चढतात तिथे कर्जे होतात व जिथे कर्जे होतात तिथे शेरीफच्या लिलावाची दवंडी पिटावी लागते. तेव्हा तरुण कारकुनाच्या टेबलावरून सबंध वाढत्या शहराचा हिशेब जात असला पाहिजे. पुढे सत्तेवर येणाऱ्या अंमलदाराने आरंभी दप्तरात बसून कायद्याचा प्रत्येक कागद हाताळावा, ह्याचा लाभ काय असतो हे आपल्याकडे शिरस्तेदारीतून मामलेदारीस चढलेल्या जुन्या पिढीने जाणले होते.

ह्याच कचेरीत १९१२ मध्ये हॅमेल ह्यांनी मार्गारेट ॲडम्स ह्या बाईंना डेप्युटीची शपथ दिली. अमेरिकेतली पहिली स्त्री डेप्युटी शेरीफ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या पस्तीस वर्षे खात्यात राहिल्या आणि मुख्यतः पुराव्याच्या दप्तरात काम करीत राहिल्या. स्त्री डेप्युटींना गस्तीवर पाठविण्यास त्या खात्याला १९७२ साल उजाडावे लागले. बिस्कलूझ कारकुनाच्या टेबलावरून उठून चढत गेले, आणि इतकी दीर्घ सेवा करणाऱ्या ह्या बाई त्याच इमारतीत जिथल्या तिथे राहिल्या, ही गोष्ट कोणत्याही बढतीच्या इतिहासात नोंदली गेली पाहिजे.

१९१३ साली लॉस एंजलिस काउंटीची सनद अमलात आली. स्वतःची सनद करून घेणारी ती अमेरिकेतली पहिली काउंटी. ह्या सनदेने नोकरभरती गुणवत्तेच्या परीक्षांवर आणली, परंतु शेरीफचे पद लोकनियुक्तच ठेवले, आणि मी वर जिचा उल्लेख केला ती दुपेडी रचना तेव्हापासून स्थिर झाली. शेरीफ बदलला तरी डेप्युटीची नोकरी जात नाही असे प्रथमच झाले. साहजिकच खात्याला स्मरणशक्ती आली, आणि ती जतन करणारा कोणीतरी शेरीफच्या शेजारी असणे अगत्याचे झाले. १९२१ मध्ये विल्यम ट्रेगर शेरीफ झाले तेव्हा त्यांनी ह्या जागी बिस्कलूझ ह्यांना बसविले.

अंडरशेरीफचे काम कायद्यात थोडक्यात सांगितलेले असते: शेरीफच्या अनुपस्थितीत त्याचा अधिकार चालविणे. प्रत्यक्षात तो खात्याचा दिवाण असतो. शेरीफ सभांना जातो, वर्तमानपत्रांशी बोलतो, निवडणूक लढवितो. कॅप्टनांच्या बदल्या, तुरुंगातला दाणागोटा, खर्चाच्या मागण्या, शिपायाविरुद्ध आलेली तक्रार पुढे न्यावी की दडपावी हा निर्णय, ही सारी अंडरशेरीफच्या टेबलावर येतात. नामुष्की आली म्हणजे ती निस्तरण्याचे कामही त्याच्याकडेच येते. १९२२ च्या अखेरीस क्लारा फिलिप्स ही खुनाची शिक्षा झालेली स्त्री काउंटीच्या तुरुंगातून निसटली आणि मेक्सिकोमार्गे पार होंडुरासला पोहोचली, तेव्हा वर्तमानपत्रांनी शेरीफखात्याची जी शोभा केली तिची कल्पना करता येईल. कैदी पळतो तेव्हा शहराचे पोलीस हात झटकून मोकळे होतात, तुरुंगाचा धनी मात्र शेरीफ असतो. १९२३ मध्ये तेगुसिगाल्पा येथून तिला परत आणण्याच्या कामगिरीवर बिस्कलूझ गेले. स्पॅनिश अवगत असलेला, कायदा शिकलेला आणि सौजन्याने वागणारा अंमलदार परदेशी सरकारशी बोलण्यास हवा होता. त्यांनी तिला परत आणले, आणि ह्या एका प्रवासाने त्यांचे नाव घरोघर गेले.

त्यानंतर सहा वर्षांनी राज्याने त्यांना मागून घेतले. तोपर्यंत कॅलिफोर्नियात वाहतुकीचे अंमलदार काउंट्यांच्या नेमणुकीचे असत आणि त्यांच्यावर राज्य व काउंटी ह्यांची दुहेरी सत्ता चाले, त्यामुळे एका काउंटीत जो नियम तो शेजारच्या काउंटीत नसे. १९२९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल हे राज्यव्यापी दल निर्माण झाले, गव्हर्नर यंग ह्यांनी बिस्कलूझ ह्यांना त्याचे पहिले अधीक्षक नेमले, आणि निरनिराळ्या काउंट्यांच्या सवयी घेऊन आलेल्या माणसांना एक गणवेश, एक शिस्त आणि एक शिक्षणक्रम देण्याचे काम त्यांनी केले. नव्या दलाची घडी बसविणे हे काम तयार दल चालविण्याहून वेगळे असते, आणि माझ्या मते बिस्कलूझ ह्यांच्या अंगच्या गुणांना हेच काम सर्वांत मानवणारे होते. तरीही ते परतले ते पुन्हा ट्रेगर ह्यांच्या शेजारच्या त्याच खुर्चीत. १९३२ मध्ये ट्रेगर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले, शेरीफचे पद मध्येच रिकामे झाले, आणि अशा वेळी उरलेल्या मुदतीसाठी नेमणूक करण्याचा जो अधिकार पर्यवेक्षक मंडळाला असतो तो वापरून मंडळाने बिस्कलूझ ह्यांना शेरीफ केले. मतदारांनी त्यांना प्रथम निवडले ते १९३४ साली. तोपर्यंत ते दोन वर्षे शेरीफ होतेच.

हा क्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. लोकांनी निवडावयाचे म्हणून राखून ठेवलेले पद त्यांना प्रथम विश्वासाने, मग नेमणुकीने आणि सर्वांत शेवटी मताने मिळाले. आणि मत देण्याची वेळ आली तेव्हा बहुतेक मतदारांना ते आधीपासूनचे शेरीफ म्हणूनच परिचित होते. त्यानंतर १९५८ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते एकही निवडणूक हरले नाहीत.

ह्या सव्वीस वर्षांत त्यांनी केलेल्या कामांपैकी मला सर्वांत मोलाचे वाटते ते वेसाइडचे. १९३८ मध्ये लॉस एंजलिसच्या उत्तरेस कॅस्टेइक येथे काउंटीने विस्तीर्ण कुरण आणि शेतजमीन घेऊन तिथे ‘वेसाइड ऑनर रँचो’ वसविला. ज्या कैद्यांची शिक्षा लहान आणि वर्तन चांगले, त्यांना शहरातल्या ‘हॉल ऑफ जस्टिस’च्या वरच्या मजल्यांवरील कोंदट कोठड्यांतून काढून इथे आणावे, त्यांनी गुरे सांभाळावी, डुकरे पाळावी, भाजीपाला काढावा आणि काउंटीच्या तुरुंगांचा दाणागोटा आपल्या श्रमाने उभा करावा, अशी ही योजना होती. कैद्याच्या वचनावर विसंबणारा हा तुरुंग चालविणारे खाते मात्र पकडणाऱ्यांचे होते. पकडणे हाच ज्याचा धंदा त्याने विश्वास ठेवण्याची जोखीम अंगावर घ्यावी, ह्याचे मोल तुरुंगसुधारणेच्या इतिहासात थोडे नाही. नेमक्या त्याच सुमारास, १९३९ साली, आपल्या औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली, जिच्यावरून पुढे शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. दोन्ही प्रयोगांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, परंतु एकाच काळात दोन दूरच्या मुलखांत कैद्याच्या हातात कुदळ देऊन त्याच्यावर भरवसा टाकण्याचा विचार रुजावा, हे पाहून मनाला बरे वाटते.

प्रशिक्षणाची अकादमी, घोडेस्वार स्वयंसेवकांचे पथक, मिरवणुकांत चांदीने मढविलेल्या खोगिरावर बसून पुढे चालणारे स्वतः शेरीफ, ही त्यांच्या कारकिर्दीची लोकप्रिय अंगे होत. जुन्या कॅलिफोर्नियाचे वैभव ते हौसेने मिरवीत आणि लोक ते कौतुकाने पाहत. परंतु ज्या स्पॅनिश वारशाची अशी शोभायात्रा निघे, त्याच वारशाच्या गोरगरीब मुलांना त्यांच्या खात्याने कसे वागविले, हा प्रश्न टाळून बिस्कलूझ ह्यांच्याविषयी लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये शहराबाहेरच्या एका जलाशयाजवळ होसे डियास हा तरुण जखमी अवस्थेत सापडला आणि मरण पावला. ‘स्लीपी लगून’ ह्या नावाने हा खटला ओळखला जातो. मेक्सिकन वंशाच्या शेकडो मुलांची धरपकड झाली, बावीस जणांवर एकत्र खटला चालला, त्यांना आपल्या वकिलांशेजारी बसू दिले गेले नाही, आणि १९४३ च्या जानेवारीत सतरा जणांना शिक्षा झाल्या. खटल्याच्या आधी ग्रँड ज्यूरीपुढे शेरीफखात्याच्या परदेशी संबंध शाखेचे प्रमुख एडवर्ड ड्युरान एअर्स ह्यांनी एक अहवाल ठेवला होता. मेक्सिकन वंशाच्या माणसांत हिंसेची ओढ रक्तातच असते, ती त्यांच्या ॲझटेक पूर्वजांकडून आली आहे, असे प्रतिपादन त्यात होते. युरोपात हिटलरशी युद्ध चालू असता, वंशावरून माणसाचा स्वभाव ठरविणारे हे विवेचन अमेरिकेतल्या एका कायदारक्षक खात्याच्या शिक्क्यानिशी पुढे आले. १९४३ च्या जूनमध्ये खलाशी व सैनिक शहरात हिंडून सैल पोशाख घालणाऱ्या मेक्सिकन तरुणांना मारझोड करीत सुटले तेव्हा पुष्कळदा अटक झाली ती मार खाणाऱ्यांनाच. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयाने स्लीपी लगूनच्या शिक्षा रद्द केल्या.

एअर्स ह्यांचा अहवाल बिस्कलूझ ह्यांनी लिहिला नव्हता हे खरे. पण ज्या खात्यात पंचवीस-तीस वर्षे एकाच विश्वासाच्या साखळीतून माणसे वर येतात, जिथे वरिष्ठाला कोणी बाहेरचा माणूस प्रश्न विचारीत नाही आणि मतदारांपैकी ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या मताला वजन नसते, तिथे असा कागद बाहेर जाण्यापूर्वी तो थांबविणारे कोणी उरत नाही. शेरीफ हा त्या काउंटीत निवडून आलेला असा अधिकारी होता की ज्याच्या आजीचे घराणे त्या मुलांच्या आईबापांची भाषा बोलत होते. तो कागद थांबविणे त्याच्या हाती होते, आणि त्याने तो थांबविला नाही.

युद्धानंतरच्या काळातले लेकवूडचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात अंमलदारीपेक्षा अर्थकारण अधिक आहे. १९५० नंतरच्या तीन वर्षांत तिथल्या शेतजमिनीवर सुमारे १७,५०० घरांची वसाहत उभी राहिली, शेजारचे लाँग बीच शहर तिला गिळू पाहत होते, आणि १९५४ मध्ये तिने स्वतंत्र शहर होण्याचा निर्णय घेतला. परंतु स्वतःचे पोलीस उभे न करता शेरीफशीच करार करून त्याचे डेप्युटी पैसे देऊन मागविले. एरवी नवी शहरे झाली की शेरीफचा मुलूख आक्रसत जातो. ह्या कराराने उलट घडले. आज काउंटीतल्या ८८ शहरांपैकी चाळिसांहून अधिक शहरे शेरीफच्या भाडोत्री गस्तीवर चालतात आणि खात्याच्या आकाराचे रहस्य त्यात आहे. १९६० च्या शिरगणतीत काउंटीची लोकसंख्या साठ लाखांवर गेली होती.

१९५३ साली बिस्कलूझ ह्यांनी आपल्या शेजारच्या खुर्चीवर पीटर पिचेस ह्यांना बसविले. पिचेस पूर्वी एफ.बी.आय.मध्ये होते. पाच वर्षांनी बिस्कलूझ निवृत्त झाले आणि पिचेस शेरीफ झाले. १९८१ च्या अखेरीस पिचेस निवृत्त झाले तेव्हा पर्यवेक्षक मंडळाने त्यांचे अंडरशेरीफ शर्मन ब्लॉक ह्यांना त्या जागी नेमले. म्हणजे १९३२ पासून १९९८ पर्यंत सहासष्ट वर्षांत ह्या विशाल काउंटीला तीनच शेरीफ मिळाले, आणि तिघेही आधी त्या एकाच खुर्चीत बसलेले होते. राजेशाहीतही वारसा इतका निर्वेध चाललेला क्वचित आढळतो. बिस्कलूझ स्वतः १९६९ मध्ये वारले. वेसाइडच्या तुरुंगाला १९८३ साली पिचेस ह्यांचे नाव देण्यात आले. पिचेस ह्यांचे नाव कायद्याच्या पुस्तकातही राहिले आहे, कारण १९७४ च्या एका निकालाने आरोपीला पोलीस अंमलदाराविरुद्धच्या जुन्या तक्रारींची कागदपत्रे मागण्याचा जो हक्क दिला, त्या खटल्यात शेरीफ म्हणून ते अर्जदार होते आणि तशा अर्जाला वकीलवर्ग आजही ‘पिचेस मोशन’ म्हणतो.

ही साखळी किती बळकट होती ते १९९८ च्या शरदात दिसले. ब्लॉक ह्यांच्याविरुद्ध त्यांच्याच खात्यातले चीफ ली बाका उभे होते, पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळाले नव्हते, आणि दुसऱ्या फेरीला अवघे पाच दिवस उरले असता २९ ऑक्टोबर रोजी ब्लॉक ह्यांचे निधन झाले. मतपत्रिका छापून झाल्या होत्या. त्यांच्या पाठीराख्यांनी मृत शेरीफलाच मते द्या असे आवाहन केले. ते निवडून आले असते तर नवा शेरीफ नेमण्याचा अधिकार पुन्हा मंडळाकडे गेला असता. एक तृतीयांशाहून अधिक मते त्यांना पडलीही. बाका मात्र जिंकले.

बाकांच्या अमलात दुसऱ्या खुर्चीवर पॉल टनाका आले. २०११ ते २०१३ ह्या काळात ते अंडरशेरीफ होते, आणि त्याच वेळी गार्डिना ह्या लहानशा शहराचे निवडून आलेले महापौरही होते. काउंटीच्या पुरुषांच्या मध्यवर्ती तुरुंगात डेप्युटी कैद्यांना मारहाण करतात अशा तक्रारींचा एफ.बी.आय. गुप्तपणे तपास करीत होती. २०११ मध्ये एका कैद्याजवळ चोरून आणलेला फोन सापडला व तो संघसरकारचा खबऱ्या असल्याचे उघड झाले, तेव्हा खात्यातल्या लोकांनी त्या कैद्याला खोट्या नावांखाली ठिकठिकाणी हलवून संघसरकारच्या तपासनिसांपासून दडवून ठेवले. २०१२ मध्ये काउंटीने नेमलेल्या नागरिकांच्या आयोगाने तुरुंगातल्या हिंसेबद्दल शेरीफ आणि त्यांचे उजवे हात ह्या दोघांनाही दोष दिला. बाकांनी २०१४ च्या जानेवारीत पद सोडले. टनाका त्याच वर्षी शेरीफच्या पदासाठी उभे राहून हरले, २०१६ मध्ये न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरले आणि त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. बाकांना २०१७ मध्ये तीन वर्षांची. कैद्यांच्या अंगावरचे वळ ज्या टेबलाशी तक्रारीच्या रूपाने पोहोचावयाचे ते टेबल अंडरशेरीफचे होते. बिस्कलूझ ह्यांनी अकरा वर्षांत त्याच टेबलावरून खात्याला वळण लावले होते, हे आठवून मन विषण्ण होते.

त्यानंतर खात्याचा शिरस्ता बदलू लागला. २०१४ मध्ये मतदारांनी लाँग बीचच्या पोलीसप्रमुखाला, म्हणजे बाहेरच्या माणसाला, शेरीफ निवडले. २०१८ मध्ये त्यालाही पाडून खात्यातला एक निवृत्त लेफ्टनंट आणला. पदावर असलेला शेरीफ निवडणुकीत पडण्याचा प्रसंग तिथे शंभरांहून अधिक वर्षांत आला नव्हता. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तोही पडला, लाँग बीचचेच दुसरे माजी पोलीसप्रमुख रॉबर्ट लूना निवडून आले, आणि त्याच दिवशी मतदारांनी मोठ्या बहुमताने काउंटीच्या सनदेत दुरुस्ती करून, सबळ कारण असल्यास पाचांपैकी चार पर्यवेक्षकांच्या मताने शेरीफला पदच्युत करता यावे अशी तरतूद केली. अंडरशेरीफची नेमणूक आजही शेरीफच करतो. लूना ह्यांनी ती जागा खात्यात वाढलेल्या एप्रिल टार्डी ह्यांना दिली. त्या खुर्चीवर बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.